आखूड पंख, भडक डोळे

मी बारावीत होते त्या दिवाळीत आमच्या घरी फराळाच्या डब्यांच्या रांगेत दोन बाटल्या माश्यांच्याही होत्या. सलाइनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या, तोंडाला कापसाचा बोळा, तळाशी रवा, गूळ आणि कुस्करलेल्या केळ्याचा शिजवलेला घट्ट लगदा, आणि त्यावर फिरणाऱ्या फळमाश्या. केळं जरा जास्त पिकलं की भोवती घोंगावतात त्याच त्या. आईने बाटली उजेडात धरून पाहिली आणि एवढंच विचारलं, "म्हणजे या आता आपण पाळायच्या?"

पाळायच्याच होत्या. शाळेला सुट्टी लागली होती, प्रयोगशाळेला कुलूप होतं, आणि माश्यांना दिवाळी कळत नव्हती. दहा-बारा दिवसांत त्यांची नवी पिढी बाहेर पडते, तेव्हा रोज सकाळी मोजायला कुणीतरी हवंच. जीवशास्त्राच्या बाईंनी वर्गातल्या दोघी-तिघींना बाटल्या वाटून दिल्या, त्यात मी होते. मी बाईंची लाडकी होते, मला ते माहीत होतं, आणि ते मला माहीत आहे हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. त्यामुळे पुढे जे झालं ते मला दुपटीने लागलं.

आम्ही तेव्हा सिल्वासाजवळ सामरवरणीत एका चाळीत राहत होतो. मी सहा वर्षांची असताना अण्णा, म्हणजे माझे वडील, जळगावकडून सिल्वासाला आले आणि शेजारच्या सायली गावातल्या एका धाग्याच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. चाळीत एका बाजूला धुळ्याकडचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला वलसाडची गुजराती मावशी. अण्णा घरात खान्देशी बोलत, कारखान्यात हिंदी, मावशीशी गुजराती आणि माझ्या बाईंसमोर काहीच नाही. बाईंविषयी त्यांना भीतीयुक्त आदर होता. बाई रत्नागिरीकडच्या, सरकारी नोकरीत, बदली होऊन आलेल्या. त्या रागावल्या की आवाज चढत नसे, उतरत असे.

पुस्तकात फळमाशीचं एक चित्र होतं, तेवढ्यावर कुणाचंही भागलं असतं. बाईंचं भागलं नाही. त्यांनी मुंबईच्या एका कॉलेजातून, ओळखीने, दोन जातींच्या माश्या आणल्या. एक साधी: डोळे विटकरी लाल, पंख लांब. दुसरी जरा वेगळी: डोळे भडक, शेंदरासारखे लाल आणि पंख आखूड, जेमतेम पोट झाकतील एवढे. माश्यांच्या खाण्यात यीस्ट लागतं, ते सिल्वासाच्या बाजारात मिळेना, तेव्हा ताडीत ते असतं म्हणून बाईंनी सुरंगी गावाकडून ताडी विकायला येणाऱ्या बाईकडून कपभर ताडी घेतली. शाळेच्या फाटकात उभं राहून. त्याची चर्चा गावात महिनाभर चालली.

भडक डोळ्यांची आखूड पंखांची आई आणि साधा बाप. त्यांची पिल्लं निघाली तेव्हा सगळे नर आईसारखे आणि सगळ्या माद्या बापासारख्या. "बघा," बाई म्हणाल्या, "मुलगे आईवर गेले, मुली बापावर." आम्ही हसलो. मग त्याच पिल्लांची पुढची पिढी घ्यायची, ती सुट्टीत निघणार होती, आणि खरी गंमत तिच्यात होती. डोळ्याचा हा गुण आणि पंखाचा हा गुण एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी-शेजारी बसलेले असतात. पुस्तकात त्याला सहलग्नता म्हटलं होतं. बाई म्हणत, जोडीने राहणं. म्हणून आखूड पंख दिसले की डोळे बहुतेक भडकच असायचे, लांब पंख दिसले की विटकरी. बहुतेक. शंभरात तीन-चार माश्यांमध्ये ही जोडी तुटते: आखूड पंखांवर विटकरी डोळे, नाहीतर लांब पंखांवर भडक. ती तुटलेली जोडी शोधायची आणि मोजायची. बाकीच्या सगळ्या माश्या त्या तीन-चारांसाठी मोजायच्या.

वहीत चार रकाने आखून मी कामाला लागले. रोज सकाळी इथरचे दोन थेंब टाकून माश्यांना झोपवायचं, पांढऱ्या बशीत ओतायचं, भिंगाखाली ब्रशाने एकेक सरकवायची. मोजलेल्या माश्या फेकायच्या नाहीत, रकान्याप्रमाणे कागदाच्या पुड्या बांधून ठेवायच्या, ही बाईंची सक्त ताकीद. मी तीन दिवस मोजलं. तुटलेल्या जोड्या सापडल्या, पहिल्या दिवशी दोन, मग एक, मग पुन्हा दोन. पहिली सापडली तेव्हा मी एवढी ओरडले की मावशी लाटणं हातात घेऊन धावत आली आणि "शुं थयुं, शुं थयुं" करत बशीत डोकावली.

चौथ्या दिवशी मला थंडी वाजून ताप भरला. त्या भागात तेव्हा मलेरिया घरोघर असे. मी गोधडीत कुडकुडत रडत होते, तापाने नाही, माश्यांसाठी.

अण्णांची त्या आठवड्यात दुपारची पाळी होती. ते खाटेशी येऊन बसले. "मले शिकव," म्हणाले. "मी मोजतो."

मी पडल्या पडल्या शिकवलं. पंख असे, डोळे असे. आणि, आता आठवलं की माझंच मला हसू येतं, त्यांना सोपं जावं म्हणून वर हेही सांगितलं की आखूड पंख असले की डोळे बहुतेक भडक असतात. अण्णांनी मान हलवली. "हां. हे असलं की ते असतं. समजलं."

चार दिवस त्यांनी मोजलं. अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, पाटावर मांडी घालून, पूजेला बसावं तसं. अण्णांचे सगळे सदरे पांढरे होते. त्यांची बोटं जाडजूड, पण ब्रश इतका हळू फिरे की एकाही माशीचा पाय मोडला नाही. पुड्या किराण्याच्या दुकानात बांधतात तशा चोख, प्रत्येकीवर तारीख. आकडेही माझ्यापेक्षा सुबक. ते बशीवर वाकलेले आणि मी गोधडीतून त्यांच्याकडे बघते आहे, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात आवडतं चित्र आहे. माझे वडील माझा अभ्यास करत होते.

सुट्टी संपली. मी सगळे आकडे जर्नलमध्ये नीट उतरवून बाईंना दिले. बाई वाचत गेल्या. तीन दिवसांवर त्यांची मान हलत होती. मग थांबली.

"हे पुढचे चार दिवस?" त्यांचा आवाज उतरला. "एकही तुटलेली जोडी नाही? सलग चार दिवस शून्य?"

मी वहीत पाहिलं. खरंच शून्यं होती, ओळीने. उतरवताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"दिवाळी होती, कंटाळा आला असेल," बाई म्हणाल्या. "नियम माहीत होताच. पंख मोजले, डोळे गृहीत धरले. की तेही मोजले नाहीस? आकडे बनवणाऱ्या मुलीच्या जर्नलवर मी सही करत नाही."

सही नाही म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. प्रात्यक्षिक नाही म्हणजे बारावी नाही. सगळा वर्ग ऐकत होता, आणि काहींना बरंही वाटत होतं. मी म्हणाले, "मी मोजलंय, बाई." घरच्यांनी मदत करायची नाही असा नियम होता, म्हणून खोटं बोलले, आणि खोटं बोलताना कान लाल झाले. ते बाईंनी पाहिलंच.

घरी आले ती फणफणत. अण्णा पाळीवर निघायच्या तयारीत होते. "तुम्ही खरंच मोजलं होतं, की अंदाजाने लिहिलं?" मी दारातूनच विचारलं. बापाशी असं बोलायची आमच्या घरी पद्धत नव्हती. अण्णांचा चेहरा उतरला. "एकेक मोजली," ते म्हणाले. "पुड्या आहेत ना. पाहून घे."

पाहिल्या. लांब पंखांची पुडी उघडून बशीत ओतली आणि भिंग धरलं. सुकल्यावर डोळ्यांचा रंग काळवंडतो, तरी फरक दिसत होता. विटकरी, विटकरी, विटकरी, भडक. पुन्हा विटकरी, आणि मग आणखी एक भडक. त्यांनी मोजल्या होत्या. एकही सुटली नव्हती. फक्त चुकीच्या पुडीत गेली होती.

"अण्णा, ही बघा. हिचे डोळे कसे आहेत?"

ते वाकले. बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. मग म्हणाले, "लांब पंख आहेत ना? मग जसे पाहिजेत तसेच आहेत."

"पण रंग कोणता?"

अण्णांनी भिंग खाली ठेवलं. स्टोव्हची फरफर थांबली. आईने तो बंद केला होता. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि अण्णांकडे न बघता मला म्हणाली, "त्यायले लाल-हिरवं नाही दिसत, माय. लग्नापासून मले माहीत आहे. सगळे सदरे पांढरेच का आणते मी, तुला काय वाटलं?"

मग एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर आली. टोमॅटो घेताना ते प्रत्येक टोमॅटो दाबून बघत. मिरची मोडून हुंगत. पेरू नखाने टोकरत. बाजारात भाजीवाल्या त्यांच्यावर खेकसत आणि मी लाजून दहा पावलं लांब उभी राहत असे. मला वाटायचं, माणूस चिकित्सक आहे.

आणि कारखाना. तिथे धागा कागदी नळ्यांवर गुंडाळलेला येई, आणि कोणता माल कोणता हे नळीच्या रंगावरून ओळखायचं. एका खोक्यात एकाच रंगाच्या नळ्या. एक चुकीची गेली की पुढे कुठेतरी सगळं कापड पट्ट्यापट्ट्यांचं होई आणि खोकी परत येत. अण्णा हे काम अकरा वर्षं करत होते. कसं, ते त्यांनी त्या दिवशी मला सांगितलं. सात नंबरच्या मशीनवर हिरवी नळी असते, नऊ नंबरवर लाल. म्हणून ते नळी बघतच नसत, ट्रॉली कुठून आली ते बघत. मशीन बदललं की जोडीदाराला गमतीत विचारून घेत. ट्रॉल्या मिसळायची भीती वाटली तर नळीच्या काठाला आतून नखाने खूण करून ठेवत, लालला एक, हिरवीला दोन. हे असलं की ते असतं. माझ्या माश्याही त्यांनी तशाच मोजल्या होत्या. मीच त्यांना नियम दिला होता, आणि आयुष्यभर ते अशाच नियमांवर उभे होते.

"बाईले सांग, बापानं मोजलं," अण्णा म्हणाले.

"आणि का चुकलं ते?"

ते पुड्या पुन्हा बांधायला लागले. माझ्याच बाकावर बसणाऱ्या मुलीचे वडील अण्णांच्या पॅकिंगचे सुपरवायझर होते. शाळेत सकाळी बोललेलं दुपारच्या पाळीला सायलीत पोचलं असतं. रंग न दिसणाऱ्या माणसाला रंगाच्या कामावर कोण ठेवेल? दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर. खोलीचं भाडं, गावाकडची आजी, माझं शिक्षण, सगळं त्या नळ्यांवर चाललं होतं. मी ठरवलं की गप्प बसायचं. सही नाही तर नाही. मला माझा स्वतःचाच फार अभिमान वाटला, आणि रडूही आलं, आणि खरं सांगायचं तर अण्णांचा रागही आला. सतरा वर्षांच्या मुलीच्या पोटात हे सगळं एकदम मावत असे.

तीन दिवस मी बाईंसमोर मान खाली घालून बसले. चौथ्या दिवशी शाळा सुटली, वर्ग रिकामा झाला, आणि मी दप्तर भरत असताना प्रयोगशाळेच्या दारात अण्णा उभे दिसले. इस्त्रीचा पांढरा सदरा, सायकलची क्लिप अजून पायजम्याला, हातात पुड्यांची पिशवी. सगळ्या पोरी जाईपर्यंत ते बाहेर जांभळाच्या झाडाखाली थांबले होते.

चपला दाराबाहेर काढून ते आत आले. "बाई, आकडे माझे आहेत," ते म्हणाले. मी त्यांना इतकं स्पष्ट बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "पोरीनं काही बनवाबनवी केली नाही. तिला ताप होता. मी मोजल्या. मले लाल-हिरवं समजत नाही." मग जरा थांबून, "कारखान्यात माहीत नाही कोणाले. तुम्हाले सांगू राहिलो, कारण ती खोटी नाही."

बाईंनी अण्णांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. बाईंनी पिशवी घेतली, सूक्ष्मदर्शक काढला आणि पुड्या उघडून मोजायला लागल्या. आम्ही दोघं उभे. तासभर तरी गेला असेल. शेवटी त्यांनी डोकं वर केलं. "सापडल्या," म्हणाल्या. "जेवढ्या असायला हव्यात तेवढ्या आहेत. पंखात तुमची एकही चूक नाही. माझ्या एकाही विद्यार्थ्याचं इतकं चोख काम नसतं."

मग त्यांनी मला जर्नल उघडायला लावलं. जुने आकडे खोडू नकोस, त्याखाली नवे लिही आणि बाजूला 'पुन्हा मोजले' एवढंच लिही, बाकी कुणाला कशाला सांगायचं. त्यांनी सही केली. सही करताना मला म्हणाल्या, "मी चुकले." बाई असं म्हणू शकतात हे मला माहीत नव्हतं.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण बाई शेवटी शिक्षिका. त्यांनी खडू घेतला आणि अण्णांना फळ्यावर समजावलं की हा दोषही त्या माश्यांच्या डोळ्यांसारखाच चालतो, मुलाकडे आईकडून येतो. आईला स्वतःला सगळं दिसतं, तरी ती देते. "तुमच्या आईच्या घरात कुणाला होता का?"

अण्णा विचारात पडले आणि एकदम हसले. "मामा! मामा माझा कच्ची मिरची लाल म्हणून तोडे. सगळं शेत हसे." मग हसू ओसरलं. "म्हणजे मी मठ्ठ नव्हतो," ते म्हणाले. "गुरुजी चित्राच्या वहीवरून मारत. मले वाटे, मी नीट पाहत नाही." पन्नाशीला आलेला माणूस हे इतक्या हळू बोलला की बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं.

मग अण्णांनी विचारलं, "आणि हिला?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "हिला दिसतं. नेहमी दिसेल. पण बापाकडून मुलीकडे ते जातंच. तिच्या मुलाला होईलच असं नाही. होईल किंवा नाही होणार, दोन्ही सारखंच शक्य."

मी बारावीच्या अभ्यासात हे गणित दहा वेळा सोडवलं होतं. उत्तरात माझं नाव आहे हे मला त्या क्षणी कळलं, आणि अण्णांनाही. ते मला वाचवायला आले होते. परत जाताना त्यांनी मला सायकलवर मागे बसवून सामरवरणीपर्यंत आणलं. घराजवळ उतरताना म्हणाले, "दुसरं काही द्यायला होतं कुठं माह्याजवळ." मला तेव्हा त्यांना काय म्हणावं सुचलं नाही. आज सुचतं, पण आज उपयोग नाही.

कारखान्यात शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, किंवा कळूनही कुणी बोललं नाही. मी पुढे शिकले, शिक्षिकाच झाले, लग्न होऊन वापीला गेले. नव्वदनंतर मला मुलगा झाला. दवाखान्यात अण्णांनी त्याला हातात घेतलं आणि पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. मी म्हणाले, "अण्णा, इतक्यात काही कळत नाही." ते म्हणाले, "मी कुठं काही म्हटलं?"

मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही सुट्टीत सिल्वासाला गेलो होतो. ओटीवर तो चित्र काढत बसला होता. मी चहा घेऊन बाहेर आले आणि पाहिलं, झाडाचं खोड हिरवं होतं आणि सगळी पानं तपकिरी. मी वर्गात हा धडा शिकवत होते, दरवर्षी, फळ्यावर खडूने. मी कप खाली ठेवला.

अण्णा त्याच्या शेजारी बसले होते. त्यांनीही चित्र पाहिलं होतं, पण त्यांना त्यात काही वेगळं दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिथून वाचलं.

ते उठले, आत गेले, आणि ट्रंकेतून रंगीत खडूंची एक पेटी घेऊन आले. जुनी पेटी, कोपरे मळलेले. उघडून माझ्या हातात दिली. प्रत्येक खडूच्या बुडाशी ब्लेडने खाचा केलेल्या होत्या. लालला एक, हिरव्याला दोन, तपकिरीला तीन.

"हे कधी केलंत?"

"तू वापीला गेली तेव्हा," म्हणाले. म्हणजे लग्नाच्या वर्षी. "तुझ्या आईनं रंग सांगितले, मी खाचा केल्या. लागलं तर लागलं. नाही लागलं, तर पोरानं नुसते रंग वापरले असते."

त्यांनी नातवाचं बोट धरून हिरव्या खडूच्या बुडावर फिरवलं. "मोज," म्हणाले. पोराने मोजलं, दोन म्हणाला, आणि कागद पुढे ओढून पानं पुन्हा काढायला घेतली.